बिशप अझरिया : पहिले भारतीय अँग्लिकन बिशप, आणि ३२ वर्षे एकमेव

अक्षरवेल (धागाकर्ती)

भारतातल्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, चर्चचा विषय निघाला की आपल्याकडे १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाई आठवतात, पुण्याच्या पंचहौदाशी नाते असलेले नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे आठवतात, आणि मुंबईच्या फोर्टातले सेंट थॉमस कॅथेड्रल तर अनेकांच्या रोजच्या वाटेवरचे असते. वेदनायगम सॅम्युएल अझरिया हे नाव मात्र ख्रिस्ती वर्तुळाबाहेर फारसे कोणाच्या कानावरून गेलेले नसते. २९ डिसेंबर १९१२ रोजी कोलकात्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्यांचा बिशपपदाचा दीक्षाविधी झाला आणि ते पहिले भारतीय अँग्लिकन बिशप ठरले. एवढी नोंद कोणत्याही संदर्भग्रंथात मिळते. मला हा धागा काढावासा वाटला तो त्यापुढच्या हकिगतीमुळे. १ जानेवारी १९४५ रोजी त्यांचे निधन झाले तोपर्यंत, म्हणजे तब्बल ३२ वर्षे, स्वतंत्र धर्मप्रांत सांभाळणारा दुसरा एकही भारतीय अँग्लिकन बिशप झाला नाही. अझरियांच्या उत्तरार्धात काही भारतीय सहायक बिशप म्हणून नेमले गेले, पण धर्मप्रांताची सूत्रे कोणाच्या हाती दिली गेली नाहीत. त्यामुळे अझरियांचे चरित्र वाचताना त्यांच्या कर्तबगारीबरोबर त्या संस्थेची भीडही मोजावी लागते, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या जाव्यात असे मला मनापासून वाटते.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजी तमिळनाडूच्या तिरुनेलवेली भागातील वेल्लालनविळै या खेड्यात झाला. वडील थॉमस वेदनायगम त्या गावचे पाळक होते. घराणे नाडर समाजातले. ताडाच्या झाडावर चढून रस काढणे हा त्या समाजाचा परंपरागत व्यवसाय; देवळांचे दरवाजे त्यांना बंद, आणि त्रावणकोरात तर त्यांच्या स्त्रियांना अंगभर वस्त्र नेसण्यासाठी दशकानुदशके झगडावे लागले. एकोणिसाव्या शतकात या समाजातली माणसे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली आणि शाळांमुळे दोन पिढ्यांत त्यांचे दिवस पालटले. अझरिया या पालटाचे अपत्य होते, हे पुढे त्यांनी तेलुगू मुलखात काय केले ते समजून घेण्यासाठी लक्षात ठेवावे लागते. वडील १८८९ मध्ये वारले. आईने मुलाला शिकवले, मद्रास ख्रिश्चन कॉलेजपर्यंत पोहोचवले. तेथे गणिताच्या अंतिम परीक्षेच्या वेळी आजारपण आल्यामुळे पदवी राहून गेली ती कायमचीच. (१९२० मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, हे येथेच सांगून ठेवते.)

१८९५ पासून ते वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे सचिव म्हणून दक्षिण भारतभर हिंडत होते. अमेरिकेतून आलेले शेरवूड एडी त्यांचे सहकारी झाले आणि जन्मभराचे मित्रही. १८९८ मध्ये त्यांचा विवाह अन्बु मरियम्माळ यांच्याशी झाला, ज्या दक्षिण भारतात महाविद्यालयापर्यंत शिकलेल्या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती स्त्रियांपैकी एक होत्या. १९०२ मध्ये अझरिया श्रीलंकेतल्या जाफन्याला गेले. तेथील तमिळ ख्रिस्ती लोक स्वतःच्या वर्गणीतून स्वतःचे धर्मप्रचारक पाठवतात हे त्यांनी पाहिले आणि त्यांच्या मनाला ते लागले, कारण तिरुनेलवेलीची मंडळी जुनी, मोठी आणि बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी असूनही अजून परदेशी मिशनच्या पैशांवर विसंबून होती. परत आल्यावर त्यांनी फेब्रुवारी १९०३ मध्ये तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी उभी केली. तिच्यात पैसा भारतीय, माणसे भारतीय आणि कारभारही भारतीय. १९०५ च्या नाताळात सेरामपूर येथे याच तत्त्वावर राष्ट्रीय पातळीची नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तीतही त्यांचा पुढाकार होता.

तिरुनेलवेलीच्या सोसायटीने कामासाठी निवडलेले ठिकाण म्हणजे निजामाच्या राज्यातले डोर्नकल. आजही बल्लारशाहून काझीपेठमार्गे विजयवाड्याकडे जाणारी गाडी या जंक्शनवरून जाते. भाषा तेलुगू, मुलूख मागास, ओळखीचे कोणी नाही. १९०९ मध्ये वयाच्या पस्तिशीत अझरियांनी पाळकपदाची दीक्षा घेतली, वायएमसीएतली मानाची जागा सोडली आणि स्वतःच तेथे जाऊन राहिले. एका तमिळ माणसाने तेलुगू शिकून तेलुगू खेड्यांत राहणे हे त्या काळी परदेशी जाण्याइतकेच अनोळखी होते, आणि त्यांनीही ते तसेच मानले. दुसऱ्यांना पाठवणाऱ्याने आधी स्वतः जावे, असा हा सरळ हिशेब होता.

पुढच्याच वर्षी, जून १९१० मध्ये, एडिंबरा येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारे १,२०० प्रतिनिधींत आशियातले वीससुद्धा नव्हते. परिषदेचे अध्यक्ष जॉन मॉट यांच्या आग्रहावरून अझरियांना संध्याकाळच्या सभेत बोलण्यासाठी उभे करण्यात आले. विषय होता परदेशी आणि स्थानिक कार्यकर्त्यांचे सहकार्य. असल्या विषयावर चार गोड शब्द बोलून बसण्याची सोय असते. अझरियांनी पहिल्याच वाक्यात वंशावंशांतील संबंध हा आज चर्चपुढचा अत्यंत गंभीर प्रश्न आहे असे सांगून टाकले. मिशनरी हा पगार देणारा धनी आणि भारतीय कार्यकर्ता हा त्याचा नोकर, असे नाते असेल तोवर दोघांत मैत्री होणार नाही, असे ते म्हणाले. वर्षानुवर्षे एकाच कामावर असलेली ही माणसे एकमेकांच्या घरी जात नाहीत आणि एका पंगतीला बसत नाहीत, हेही त्यांनी मांडले. शेवट त्यांनी पौलाच्या करिंथकरांस पाठवलेल्या पत्रातल्या प्रीतीच्या अध्यायाचा आधार घेऊन केला. त्याचा आशय असा : मिशनऱ्यांच्या शौर्याबद्दल आणि त्यागाबद्दल भारतीय मंडळी पिढ्यानपिढ्या कृतज्ञ राहील, तुम्ही आपले धन गरिबांना अन्न देण्यासाठी दिलेत, आपली शरीरे जाळण्यासाठी दिलीत, आम्ही प्रीतीही मागतो आहोत, आम्हाला मित्र द्या.

सभागृहात बसलेल्या अनेक मिशनऱ्यांना हे झोंबले. मला या भाषणात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की त्यात अधिकाराची मागणी नाही आणि आभाराची कुचराईही नाही. उपकारकर्त्याला त्याच्याच धर्मग्रंथाच्या कसोटीवर उभे करणे आणि तेही त्याच्या घरी जाऊन, यासाठी लागणारे धैर्य साधे नव्हे. अडीच वर्षांनी हाच माणूस बिशप झाला.

गोदातीर

धागा आवडला. एक शंका मोकळेपणाने विचारतो. १९०९ मध्ये पाळक झालेला माणूस १९१२ मध्ये बिशप होतो, हा वेग कोणत्याही चर्चमध्ये असाधारण आहे. एडिंबऱ्याच्या भाषणानंतर टीका थोपवण्यासाठी एखादा भारतीय चेहरा दाखवण्याची ही सोय नव्हती ना? शिवाय मद्रास किंवा तिरुनेलवेली सोडून निजामाच्या राज्यातले एक आडगावच का दिले गेले, हेही समजून घ्यायला आवडेल.

अक्षरवेल

शंका रास्त आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात पहिल्याचे अर्धे उत्तर मिळते.

या नेमणुकीमागे मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांची चिकाटी होती. (तत्त्वज्ञ आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांचे हे भाऊ.) त्यांचा धर्मप्रांत अवाढव्य पसरलेला होता आणि तेलुगू खेड्यांत ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढत होती, त्यामुळे नवा बिशप हवाच होता. अडचण अशी होती की ब्रिटिश हिंदुस्थानात इंग्लंडचे चर्च हे सरकारी व्यवस्थेचा भाग होते आणि कोलकाता, मद्रास, मुंबई येथील बिशप राजाच्या आज्ञेने नेमले जात. डोर्नकल निजामाच्या हद्दीत, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर. तेथे भारतीय बिशप नेमताना सरकारी चौकटीतले पुष्कळसे अडथळे टळत होते. आणखी एक गोष्ट उघडपणे कोणी बोलत नसले तरी सर्वांना कळत होती : सुरुवातीच्या त्या चिमुकल्या धर्मप्रांतात भारतीय बिशपच्या हाताखाली गोऱ्या मिशनऱ्यांना काम करावे लागण्याचा प्रसंगच फारसा येणार नव्हता.

तरीही विरोध व्हायचा तो झालाच, आणि तो दोन बाजूंनी झाला. युरोपीय मिशनऱ्यांपैकी अनेकांना भारतीय माणूस अजून या पदाला तयार नाही असे वाटत होते. दुसरीकडे तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती मंडळीतल्या वेल्लाळ या वरच्या मानल्या जाणाऱ्या जातीच्या काही लोकांना नाडर माणूस बिशप झालेला सहन होत नव्हता. बाप्तिस्मा घेऊन पिढ्या लोटल्यावरही जात तशीच राहिली होती.

या साऱ्यावर आणखी एका जुन्या घटनेचे सावट होते. १८६४ मध्ये सॅम्युएल क्राउदर हे पश्चिम आफ्रिकेतील योरुबा गृहस्थ पहिले आफ्रिकी अँग्लिकन बिशप झाले. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा विद्वान पुढे बायबलचा योरुबा अनुवादक झाला. वार्धक्यात मात्र नुकत्याच आलेल्या तरुण इंग्रज मिशनऱ्यांनी त्यांच्या कारभाराची चौकशी करून त्यांना अपमानित केले. १८९१ च्या अखेरीस ते वारले आणि त्यांच्या जागी युरोपीय बिशप नेमला गेला. खरे तर यातून त्या मिशनऱ्यांच्या वागणुकीची लाज वाटायला हवी होती, पण मिशनच्या कचेऱ्यांनी धडा घेतला तो उलटाच, की स्थानिक बिशपचा प्रयोग फसतो. अझरियांच्या प्रत्येक चुकीकडे या नजरेने पाहिले जाणार हे ठरलेले होते.

तेव्हा, दाखवण्यापुरता चेहरा हवा होता का? काहींना तेवढाच हवा असेलही. पण व्हाइटहेड यांचा हेतू तेवढाच नव्हता, कारण १९२० च्या सुमारास डोर्नकलचा विस्तार झाला तेव्हा कृष्णा नदीकाठचे ब्रिटिश हद्दीतले जिल्हे आणि दोन मोठ्या इंग्रज मिशनांची जुनी क्षेत्रेही अझरियांच्या अधिकाराखाली आली. ज्यांना भारतीय बिशपच्या हाताखाली काम करावे लागणार नाही असे वाटले होते त्यांना ते करावे लागले, आणि ते निभले.

तांबडी माती

मी नगर जिल्ह्यातली. आमच्याकडे ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग या दोन समाजांतली माणसे बहुसंख्य आहेत, आणि मंडळी एक असली तरी लग्ने जुळवताना कोण कोठले हे आजही विचारले जाते. तेलुगू भागात माला आणि मादिगा यांचे नाते याच धर्तीचे आहे असे ऐकले आहे. बिशपसाहेबांनी हा प्रश्न हाताळला का, आणि खेड्यातल्या निरक्षर माणसांपर्यंत ते कसे पोहोचले, यावर सविस्तर लिहावे अशी विनंती. आपल्याकडे रेव्हरंड टिळकांनी भजन-कीर्तनाचा मार्ग धरला होता, तसे तेथे काही झाले का?

अक्षरवेल

ताई, तुम्ही धाग्याच्या गाभ्यालाच हात घातला आहे. बिशपपदाच्या दीक्षाविधीपेक्षा मला स्वतःला हे काम फार मोठे वाटते.

डोर्नकल धर्मप्रांत वाढला तो जवळजवळ पूर्णपणे माला आणि मादिगा वस्त्यांत. एकेकटा माणूस नव्हे, तर वस्तीच्या वस्ती बाप्तिस्मा मागायला येई. १९४० च्या आसपास या धर्मप्रांतातल्या ख्रिस्ती लोकांची संख्या दोन लाखांवर गेली होती. एवढ्या माणसांना सांभाळणार कोण, तर शहरातून आलेला पदवीधर पाळक नाही, हे अझरियांनी ओळखले. त्यांनी गावातलेच लोक निवडले, त्यांना आणि त्यांच्या बायकांनाही डोर्नकलला आणून शिकवले आणि परत गावी शिक्षक म्हणून धाडले. त्यांतले जे टिकले, तावूनसुलाखून निघाले, ते पुढे पाळक झाले. अन्बु मरियम्माळ यांनी या स्त्रियांच्या शिक्षणाचा भार उचलला होता आणि दौऱ्यावरही त्या बिशपांबरोबर असत. दौरा म्हणजे बैलगाडी, कधी सायकल, आणि मुक्काम खेड्यात.

खेड्यात गेल्यावर बोलायचे कशावर, तर देवावर आणि त्याच दमात घाण, रोगराई, कर्ज आणि दारू या चार शत्रूंवर. वस्ती स्वच्छ ठेवणे, सावकाराच्या वहीतून नाव काढून घेणे, मुलांना शाळेत धाडणे हे त्यांच्या दृष्टीने उपासनेपासून वेगळे नव्हते. धर्मप्रांतात दवाखाने आणि सहकारी पतसंस्था निघाल्या त्या यामुळेच. तुम्ही टिळकांचे नाव काढलेत ते योग्यच आहे. तेथेही तेलुगू चालींवरची भक्तिगीते, टिपऱ्यांच्या नाचासारखे कोलाट्टम आणि गावजत्रेच्या धर्तीवरचे मेळे उपासनेत आले. इंग्लिश प्रार्थनापुस्तकाची चौकट मात्र अझरियांनी सोडली नाही. त्यांना तिच्यात शिस्त दिसत होती, आणि याबाबतीत ते पुष्कळ भारतीय ख्रिस्ती विचारवंतांपेक्षा जुन्या वळणाचे होते.

बाप्तिस्म्याची त्यांची एक पद्धत सांगण्यासारखी आहे. विधी झाला की ते नवदीक्षितांना आपला हात आपल्याच डोक्यावर ठेवायला लावत आणि म्हणवून घेत, 'माझा बाप्तिस्मा झाला आहे; मी सुवार्ता सांगितली नाही तर माझी दुर्दशा होणार.' पिढ्यानपिढ्या ज्याला गावाने बोलू दिले नाही, ज्याने रस्त्यात आपली चाहूल देत बाजूला व्हायचे, त्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे की बोलणे हे तुझे कर्तव्य आहे. धर्मशास्त्राच्या चर्चेत पुष्कळदा हा भाग हरवतो, पण मला त्या एका कृतीत त्या माणसाविषयीचा केवढा तरी विश्वास दिसतो. या वस्त्यांमधला पालट पाहून पुढे कम्मा आणि रेड्डी या जमीनदार जातींतली माणसेही ख्रिस्ती होऊ लागली, याचा अझरियांना फार अभिमान होता.

माला-मादिगा प्रश्नाविषयी मात्र यशाची कहाणी सांगता येत नाही. त्यांनी एकत्र प्रभुभोजनाचा (उपासनेत भाकरी आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीचा) आग्रह सोडला नाही आणि जात पाळणाऱ्यांना शिस्त लावली, तरी दोन्ही समाजांतली स्पर्धा चर्चमध्ये शिरली, आणि त्यांच्या पश्चात ती वाढलीच. जे तुम्ही नगरकडे पाहता त्याहून ते फार वेगळे नाही.

मूळप्रश्न

लेखिकेविषयी आदर ठेवून एक वेगळी बाजू मांडतो. वस्तीच्या वस्ती एका दिवसात ख्रिस्ती होते तेव्हा त्यात श्रद्धा किती आणि शाळा, दवाखाना, सावकारापासून सुटका यांची ओढ किती, हा प्रश्न गांधीजींनी उपस्थित केला होता आणि तो टाळता येण्यासारखा नाही. १९३५ मध्ये येवल्याला डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केल्यावर तर सर्वच धर्मांचे लोक दलितांकडे संख्याबळ म्हणून पाहू लागले. अझरिया त्याच शर्यतीत नव्हते कशावरून?

अक्षरवेल

प्रश्न टाळणार नाही, कारण तो अझरियांनीही टाळला नव्हता.

आधी संख्याबळाविषयी. १९३२ च्या जातीय निवाड्यात भारतीय ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मतदारसंघ देण्यात आले. शर्यतीत उतरलेल्या कोणत्याही पुढाऱ्याने ते हसत घेतले असते. अझरियांनी त्यांना जाहीर विरोध केला. त्यांचे म्हणणे असे होते, की चर्च हा जागांसाठी भांडणारा एक गट झाला की प्रत्येक बाप्तिस्मा हा राजकीय व्यवहार ठरेल, शेजाऱ्याला त्यात आपले नुकसान दिसेल आणि धर्म सांगण्याचा नैतिक अधिकारच उरणार नाही. येरवड्याच्या तुरुंगाभोवती त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जे घडले आणि पुणे करार झाला, त्याच्या शेजारी ही भूमिका ठेवून पाहावी. आंबेडकरांना स्वतंत्र मतदारसंघ का हवे होते ते आपण जाणतो आणि मला ते पटतेही. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला राजकीय संरक्षण मागण्याचा पूर्ण हक्क होता. अझरिया एका धार्मिक संस्थेच्या वतीने बोलत होते आणि त्या संस्थेने ते संरक्षण घेऊ नये असे सांगत होते. दोघांच्या भूमिका विरुद्ध दिसल्या तरी त्यांची ठिकाणे वेगळी होती.

आता श्रद्धेविषयी. १९३६ च्या अखेरीस जॉन मॉट गांधीजींना भेटले होते. तो संवाद 'हरिजन' मध्ये छापून आला. त्यात गांधीजींनी गाईला शुभवर्तमान सांगाल का असे विचारून, काही अस्पृश्य समजुतीच्या बाबतीत गाईपेक्षाही मागे आहेत अशा अर्थाचे उद्गार काढले. गांधीजींचे अस्पृश्यतेविरुद्धचे काम मोठे आहे, पण या वाक्याचे समर्थन मला करता येत नाही. नेमका येथेच अझरियांचा आणि त्यांचा मतभेद मुळाशी जातो. वस्तीतली माणसे एकत्र निर्णय घेतात म्हणून तो निर्णय विचारहीन ठरत नाही, कारण लग्नापासून स्थलांतरापर्यंत त्यांचे सारेच निर्णय एकत्र होत असतात. शाळा हवी, कर्जातून सुटका हवी, माणूस म्हणून नाव हवे आणि देवही हवा, या इच्छा एका माणसाच्या मनात एकत्र नांदू शकतात. पोट भरलेल्याच्या श्रद्धेची आपण अशी झडती घेत नाही. धर्मांतरानंतर त्या वस्त्यांतला जमीनदारांचा छळ थांबला नाही, उलट काही ठिकाणी वाढला, तरी बहुसंख्य माणसे मागे फिरली नाहीत, हीही बाब हिशेबात धरायला हवी.

तुमच्या म्हणण्यातला एक भाग मात्र मी मान्य करते. बाप्तिस्म्यांचा वेग शिकवणाऱ्यांच्या संख्येपेक्षा नेहमीच जास्त राहिला. त्यामुळे अनेक गावांत नावापुरती मंडळी उरली, आणि अझरियांना त्याची काळजी वाटत असे. शिवाय ब्रिटिश राज्याकडे ते जरा अधिकच सद्भावनेने पाहत आणि राष्ट्रीय चळवळीपासून दूर राहिले. हा त्यांच्या विचारातला उणेपणा होता असे मला वाटते.

गोदातीर

उत्तरांबद्दल आभार. डोर्नकलच्या कॅथेड्रलचे छायाचित्र पाहिले तेव्हा क्षणभर मशीद की देऊळ असा संभ्रम झाला होता. तेही अझरियांच्याच काळातले ना?

शिळाछाप

याविषयी मी थोडे लिहितो, कारण दोन वर्षांपूर्वी विजयवाड्याला जाताना मी तेथे मुद्दाम उतरलो होतो. एपिफनी कॅथेड्रल असे त्याचे नाव आहे आणि ६ जानेवारी १९३९ रोजी, म्हणजे एपिफनीच्याच (ख्रिस्ताच्या प्रकटीकरणाच्या) सणाला, त्याचे समर्पण झाले. बांधकाम पैशाअभावी दोन दशकांहून अधिक काळ रेंगाळले होते. बाहेरून घुमट आणि मिनार दिसतात, ते निजामाच्या राज्यातल्या कोणालाही ओळखीचे वाटावेत असे. आत मात्र दक्षिणेतल्या मंदिराच्या मंडपासारखे दगडी खांब आहेत. त्या खांबांवर कमळ आहे, केळफूल आहे आणि कमळाच्या वर क्रूस. मी एका खांबाजवळ बराच वेळ उभा होतो. छिन्नीचे काम केळफुलाच्या पाकळ्यांपाशी इतके नाजूक आहे की घडवणाऱ्या हाताला परसातली केळ रोज दिसत असली पाहिजे. मुंबईचे सेंट थॉमस कॅथेड्रल किंवा पुण्याची छावणीतली चर्चे इंग्लंडातून उचलून आणल्यासारखी दिसतात. अझरियांना ते नको होते. हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती अशा तिन्ही परंपरांतले घेऊन त्यांनी जे उभे केले त्यात उपरेपणा जाणवत नाही, एवढे मी प्रत्यक्ष पाहून सांगू शकतो.

तांबडी माती

फार सुंदर माहिती. आता एकच राहिले. आम्ही सी.एन.आय.चे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), दक्षिणेतले सी.एस.आय.चे (चर्च ऑफ साउथ इंडिया). ही चर्चे एकत्र येण्यात अझरियांचा वाटा होता असे आमच्या पाळकसाहेबांनी एकदा उपदेशात सांगितले होते. तो नेमका किती?

अक्षरवेल

मोठा वाटा होता, आणि त्यात मुंबईचाही संबंध येतो.

मे १९१९ मध्ये तरंगमबाडी येथे ३३ पाळक आणि कार्यकर्ते जमले. भारतातले पहिले प्रोटेस्टंट मिशनरी झिगेनबाल्ग १७०६ मध्ये उतरले ते हेच तमिळनाडूतले समुद्रकाठचे गाव. जमलेले जवळजवळ सारे भारतीय होते. काही अँग्लिकन आणि बरेचसे दक्षिण भारत संयुक्त चर्चचे, ज्यात प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल या बिशप नसलेल्या प्रोटेस्टंट परंपरा आधीच एक झाल्या होत्या. अझरिया त्यांत प्रमुख होते आणि शेरवूड एडीही हजर होते. जमलेल्यांनी काढलेल्या जाहीरनाम्याचे म्हणणे सरळ होते : आमच्यातली ही भांडणे युरोपातून आलेली आहेत, ती आम्ही निर्माण केलेली नाहीत आणि पुढे चालवण्याचे आम्हाला कारणही नाही. १९२७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथील चर्च-ऐक्याच्या परिषदेत अझरियांनी हेच जगापुढे मांडले. ख्रिस्ती देशांत या फुटी दुबळेपणाच्या असतील, पण इतर देशांत त्या पाप आहेत आणि लाजिरवाण्या आहेत, असे ते म्हणाले. एकाच खेड्यातल्या दोन वस्त्या दोन वेगळ्या मिशनांच्या म्हणून एकत्र प्रभुभोजन घेऊ शकत नाहीत, हे ज्याने बैलगाडीतून उतरून पाहिले आहे त्याच्या तोंडी हे शब्द शोभतात.

वाटाघाटी अडल्या त्या बिशपच्याच पदावर. अँग्लिकनांच्या मते पाळकाला दीक्षा बिशपनेच द्यायला हवी. बाकीच्यांच्या पाळकांना ती तशी मिळालेली नव्हती, आणि पुन्हा दीक्षा घ्या म्हणणे हा त्यांना अपमान वाटत होता. यातून वाट काढण्यात मुंबईचे बिशप एडविन जेम्स पामर यांनी फार मोठे काम केले. १९०८ ते १९२९ ते मुंबईला होते. तोडगा असा निघाला, की आज जे पाळक आहेत ते आहेत तसे मान्य करायचे आणि यापुढच्या सर्व दीक्षा बिशपांच्या हातून व्हायच्या. आज हे सोपे वाटते, पण त्यावर एकमत व्हायला २८ वर्षे लागली, मध्ये मेथडिस्ट हे आणखी एक प्रोटेस्टंट चर्चही वाटाघाटींत आले, इंग्लंडातल्या कर्मठ अँग्लिकनांनी आकाशपाताळ एक केले, आणि तरीही २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली. बिशप असलेली आणि बिशप नसलेली चर्चे अशा तऱ्हेने एक होण्याचा आधुनिक काळातला हा पहिलाच प्रसंग होता. तुमचे सी.एन.आय. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झाले, ते याच वाटेने पुढे जाऊन, जरी त्यातली दीक्षेची व्यवस्था थोडी वेगळी ठेवली गेली.

अझरिया हे पाहायला नव्हते. पावणेतीन वर्षे आधीच ते गेले होते. त्यांच्याच धर्मप्रांतातला नंद्याळचा भाग १९४७ मध्ये या एकीबाहेर राहिला आणि बऱ्याच वर्षांनी आत आला. आणि गोदातीर, तुमच्या पहिल्या शंकेशी जोडलेली एक गोष्ट सांगायची राहिली. १९४५ मध्ये डोर्नकलची गादी रिकामी झाली तेव्हा अझरियांनी घडवलेले भारतीय पाळक त्या धर्मप्रांतात मोठ्या संख्येने होते, देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता, आणि त्या जागी नेमले गेले ते अँथनी ब्लॅकर एलियट हे इंग्रज गृहस्थ. माणूस चांगला होता, अझरियांचाच सहायक होता आणि तेलुगू लोकांत रुळलेला होता. माझा आक्षेप त्यांच्यावर नाही. ३२ वर्षे एका भारतीय बिशपने स्वतःच्या हिमतीवर चालवून दाखवल्यानंतरही ज्यांना दुसरा भारतीय माणूस सापडला नाही, त्यांच्यावर आहे.